शरलक्षण : शार्ङ्गधराच्या धनुर्वेदांतील बाणपरीक्षा

शस्त्रसंग्रहाची आवड असलेल्या गृहस्थाकडे गेलें असतां तरवारी, कट्यारी, पट्टे व ढाला भिंतीवर ओळीनें मांडलेल्या दिसतात. क्वचित् शिंगाचें एखादें धनुष्यहि दृष्टीस पडतें. बाण मात्र असले तर एकटेदुकटे असतात, आणि त्यांतहि लोखंडी फळ तेवढें शाबूत राहून मागची काडी किडीनें खाल्लेली अगर कोणीं तरी मोडून टाकलेली असते. धातु टिकतो व काडी टिकत नाहीं हें खरें. परंतु संग्राहकाच्या नजरेंतहि मोल असतें तें फळाला, काडीला नव्हे. जुन्या धनुर्वेदकारांची दृष्टि याहून निराळी होती. त्यांनीं फळांच्या आकारांचीं नांवें दिलीं आहेत खरीं, पण काडी कोणती घ्यावी, कोठली घ्यावी, केव्हां तोडावी व कशी मापावी हेंहि तितक्याच आस्थेनें सांगितलें आहे. याच भागांत बाणांच्या स्त्री, पुरुष व नपुंसक अशा तीन जाती सांगणारें एक वचन येतें. तें वाचून बहुतेक वाचक किंचित् हंसून पुढें जातात. रत्नपरीक्षेंत हिऱ्याच्या अशाच तीन जाती केलेल्या आहेत. तेव्हां शास्त्रकारांच्या वर्गीकरणाच्या हौसेचा हा आणखी एक मासला, असा समज होणें साहजिक आहे. आमचें मत असें कीं, हें वचन पंडिताच्या बैठकींतलें नसून शरकाराच्या कारखान्यांतलें आहे, आणि त्याचा अर्थ बाणाची काडी हातांत घेतल्यावांचून उलगडत नाहीं.

प्रथम बाणाची परीक्षा इतकी कसोशीनें कां करावी लागते हें पाहिलें पाहिजे. धनुर्धराजवळ धनुष्य एक असतें व बाण पुष्कळ असतात. धनुष्यांत कांहीं खोड असली, तें एका अंगास ओढत असलें किंवा थोडें मऊ असलें, तर ती खोड प्रत्येक वेळीं तीच राहते. दहा दिवसांच्या अभ्यासानें ती हाताच्या अंगवळणीं पडते, व धनुर्धर तितकें अंतर धरून नेम साधूं लागतो. बाणाचें तसें नाहीं. भात्यांतील एक बाण जड, दुसरा हलका, तिसरा किंचित् वांकडा असला, तर पहिल्या बाणाच्या चुकीवरून दुसऱ्याची दुरुस्ती करतां येत नाहीं. सर्व बाण सारखेच वाईट असले तरी एक वेळ चालेल, पण कांहीं चांगले व कांहीं वाईट असले तर चालणार नाहीं. म्हणजे बाणाचा खरा गुण एकट्या बाणांत दिसत नाहीं. तो त्याच्या सोबत्यांशीं असलेल्या साम्यांत असतो.

हें साम्य केवळ लांबीचें व वजनाचें असून भागत नाहीं. वजनांत फरक पडला तर बाण वर किंवा खालीं जातो, हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. पण बाण डावीउजवीकडे जाण्याचें एक कारण फार उशिरां स्पष्ट झालें. बाण धनुष्याच्या मध्यांतून जात नाहीं, बाजूनें जातो. आपल्याकडे अंगठ्यांत अंगुस्ताना घालून ओढणारे तिरंदाज तो धनुष्याच्या उजव्या अंगास ठेवीत. प्रत्यंचा मात्र मध्याकडे झेंपावते. मग बाण तिरपा जाऊन लक्ष्य चुकावयास पाहिजे, पण चांगला बाण चुकत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील पदार्थविज्ञानवेत्ता सी. एन्. हिकमन यानें अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन असें दाखविलें कीं, सुटतेवेळीं बाण सापासारखा लवतो, धनुष्याच्या दांड्यास वळसा घालून निघतो, व पुढें गेल्यावर ही लवण शमून सरळ होतो. या लवण्याचें प्रमाण काडीच्या ताठपणावर अवलंबून आहे. काडी फाजील ताठ असली तर बाण एका बाजूस जातो, फाजील मऊ असली तर दुसऱ्या. अर्थात् वीस बाण एका लांबीचे, एका वजनाचे व एका कारागिराचे असूनहि त्यांचा ताठपणा भिन्न असेल, तर एकाच नेमानें सोडलेले ते वीस ठिकाणीं जातील. हिकमनपूर्वीं या गोष्टीचें गणित कोणास ठाऊक नव्हतें; पण गणित ठाऊक नसतांनाहि ती गोष्ट हातास ठाऊक असूं शकते. वीणा करणाऱ्यास नादाचें गणित कोठें येत असतें?

आतां शार्ङ्गधराकडे वळूं. शार्ङ्गधरपद्धति हा सुभाषितसंग्रह इ. स. १३६३ मधील असून तो पीटर पीटर्सन यांनीं मुंबईस १८८८ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्यांत धनुर्वेदाचा एक स्वतंत्र भाग आहे. आणि वासिष्ठ धनुर्वेदसंहिता या नांवानें जो ग्रंथ प्रचारांत आहे, त्यांतहि यांतील पुष्कळ श्लोक थोड्याफार पाठभेदानें आढळतात. एवंच हीं वचनें एका ग्रंथकाराचीं नसून धनुर्विद्येच्या परंपरेंत फिरत असलेलीं आहेत, असें मानण्यास हरकत नाहीं.

काडीविषयीं तेथें सांगितलेल्या गोष्टी थोडक्यांत अशा. ती फार जाड नसावी, फार बारीक नसावी, कच्ची नसावी, वाईट जमिनींत उगवलेली नसावी. पेरीं अपुरीं असलेली किंवा चिरलेली काडी टाकावी. पेरीं भरलेलीं, पूर्ण पिकलेली, फिक्या पिंवळ्या रंगाची, कठिण व वाटोळी, आणि योग्य वेळीं, म्हणजे शरदृतूंत, तोडलेली असावी. लांबी दोन हातांत एक मूठ कमी, व जाडी करंगळीइतकी. हाताचें परिमाण १८ इंच धरून मुठीचीं चार अंगुळें वजा केलीं, तर ही लांबी सुमारें ३३ इंच भरते. कानापर्यंत ओढणाऱ्या धनुर्धरास ती नेमकी पुरते. यांतील एकहि सूचना शोभेची नाहीं. कच्चें कांड वाळतांना आक्रसतें व वांकतें. पावसाळा संपल्यावर तोडलेलें पक्व कांड आपला आकार राखतें. जमिनीची अट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकाच बेटांतील, एकाच ऋतूंतील काड्या घेतल्या तर त्यांचा ताठपणा बराचसा सारखा येतो. दहा ठिकाणच्या काड्या गोळा केल्या तर येत नाहीं. बोरू निवडतांना जुने लेखक जी पारख करीत, तीच येथें आहे, आणि तें सहजच आहे, कारण बोरू व शर दोन्ही तृणकुळांतलींच कांडें. संस्कृतांत शर हा शब्द त्या गवताचाहि वाचक आहे व बाणाचाहि.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांसाठीं एक गोष्ट नमूद करणें जरूर आहे. कच्ची काडी वर्ज्य, हें सांगणारा शब्द ‘नापक्वं’ असा आहे. त्यांतील एक काना लेखकाच्या हातून गळाला कीं ‘न पक्वं’ होतें, आणि पिकलेली काडी घेऊं नये असा अगदीं उलट अर्थ निघतो. वृत्ताची मात्रा तेवढी कमी भरते, पण अनुष्टुभांत ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक असल्यानें कान ती चूक पकडीत नाहीं. पुढल्याच श्लोकांत ‘सुपक्व’ काडी घ्यावी असें असल्यामुळें ग्रंथ स्वतःशींच भांडूं लागतो. अशा ठिकाणीं कोणता पाठ खरा हें व्याकरण सांगूं शकत नाहीं. तें बुरूड सांगूं शकतो.

आतां त्या तीन जाती. ज्या बाणाचा पुढचा भाग जाड तो स्त्री, ज्याचा मागचा भाग जाड तो पुरुष, व जो सर्वत्र सारखा तो नपुंसक. स्त्री बाण दूर जातो, पुरुष बाण दृढ वस्तूचा भेद करतो, आणि नपुंसक बाण लक्ष्यवेधास प्रशस्त. एवढेंच वचन. याची मेख अशी आहे कीं, शराची काडी निसर्गतःच बुडाशीं जाड व शेंड्याशीं बारीक असते. म्हणून शरकारानें काडी हातांत घेतली कीं त्याच्यापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा : फळ बुडाच्या टोंकास बसवावयाचें कीं शेंड्याच्या? बुडाच्या टोंकास बसविलें तर बाण पुढें जाड, म्हणजे स्त्री. शेंड्याच्या टोंकास बसविलें तर मागें जाड, म्हणजे पुरुष. एकाच काडीचे हे दोन बाण. दोहोंपैकीं कांहींच नको असेल, तर जाडींत फारसा फरक नसलेला मधला भाग निवडावा लागतो, किंवा जाड अंग खरवडून बारीक अंगाशीं जुळवावें लागतें, तो नपुंसक. तात्पर्य, लिंगभेदाची भाषा अलंकाराची असेल, पण भेद खरा आहे, आणि प्रत्येक काडीला लागू पडणारा आहे.

फलश्रुतिहि तपासून पाहण्यासारखी आहे. पुढें जाड असलेल्या बाणाचें वजन पुढें झुकतें व शेंपूट हलकी राहते. असा बाण हवेंत लौकर स्थिर होतो, त्यास लहान पिसें पुरतात, व लहान पिसांमुळें हवेचा विरोध कमी होतो. दूर जाण्याचें हें एक कारण संभवतें. मागें जाड असलेल्या बाणांत प्रत्यंचेचा धक्का जेथें बसतो तेथें काडी भक्कम असते. आणि फळाच्या पाठोपाठचा भाग बारीक असल्यानें फळानें केलेल्या छिद्रांतून तो न घासतां आंत शिरतो. भेदनास तो योग्य कां, हें यावरून समजतें. हीं आमचीं अनुमानें आहेत. बाण करून व सोडून पाहणारा कोणी यांत दुरुस्ती करूं शकेल. परंतु तिसऱ्या जातीविषयीं आम्हांस शंका वाटत नाहीं. जाड-बारीक होत जाणाऱ्या दोन काड्यांचा उतार कधींच तंतोतंत सारखा नसतो. म्हणून स्त्री बाणांचा किंवा पुरुष बाणांचा भाता जुळविणें कठिण. सर्वत्र सारख्या जाडीच्या काड्या एकमेकींशीं जुळविणें त्यामानानें सोपें, आणि त्यांची लवणहि समान. लक्ष्यवेधांत दूर जाणें किंवा खोल जाणें हें मुख्य नसतें, पुन्हा पुन्हा तेथेंच जाणें मुख्य असतें. दूर जाण्यास एक बाण चांगला असला तरी चालतो, पण लक्ष्यवेधास सर्व बाण सारखे असावे लागतात. हा भेद ज्यानें केला, त्यास समतेचें मोल कळलें होतें.

माप सांगून झाल्यावर शार्ङ्गधर काडी यंत्रांत ओढावी असें म्हणतो. हें यंत्र काय? आमच्या मतें खांच अगर भोंक पाडलेली फळी असावी, जींतून ओढली असतां काडीचा वांकडेपणा जावा व जाडीचीहि परीक्षा व्हावी. काडी तापवून सरळ करण्याची रीत तर फार जुनी आहे. महाजनक जातकांत थूण नगरींतल्या एका बाणकाराचें चित्र आलें आहे : निखाऱ्यावर बाण तापवावा, आंबट पेजेनें भिजवावा, एक डोळा मिटून दुसऱ्यानें काडीवरून पाहत ती सरळ करावी. दोन डोळे कां वापरीत नाहींस असें विचारतां, दोहोंनीं दृष्टि पसरते, एकानेंच वांकडेपणा दिसतो, असें तो उत्तर देतो. कथेंतला उपदेश एकांतवासाचा आहे. पण सांगणारानें बाणकाराजवळ बसून काम पाहिलें होतें यांत संशय नाहीं. धम्मपदांतहि बाण सरळ करणारा कारागीर दृष्टांतासाठीं घेतला आहे. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें शरकार आहे; बाण घडवितांना शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्यास कळलें नाहीं. एकनाथांनीं शके १४९५ मध्यें पुऱ्या केलेल्या टीकेमुळें हा शरकार मराठी घराघरांत पोंचला आहे. तथापि तो कशांत इतका गढला होता, असा प्रश्न आपण कधीं करीत नाहीं. तो काडीवरून एक डोळा मिटून पाहत होता. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायांत धनुष्कार, ज्याकार व इषुकार असे तीन निरनिराळे कारागीर सांगितले आहेत. बाणाचा धंदा धनुष्याच्या धंद्याहून इतक्या प्राचीन काळीं वेगळा होता, हेंहि या संदर्भांत विसरतां येत नाहीं.

पिसें व फळें यांविषयीं थोडक्यांत. काक, हंस, क्रौंच, मोर, गीध, कुरर इत्यादि पक्ष्यांचीं पिसें घ्यावीं, प्रत्येक बाणास चार लावावीं, सहा अंगुळें लांब कापावीं, व स्नायूच्या तंतूंनीं बांधावीं. शिंगाच्या धनुष्याच्या बाणास मात्र दहा अंगुळांचीं. शिंगाचें धनुष्य बाणास अधिक जोराचा धक्का देतें, तेव्हां त्यास सांवरण्यास पिसाराहि मोठा लागतो. म्हणजे बाण धनुष्याशीं जुळला पाहिजे, हेंहि परंपरेस ठाऊक होतें. फळास पाणी देण्याच्या कृतींत पिंपळी, सैंधव व कोष्ठ गोमूत्रांत वाटून लेप द्यावा, व तापवून मोराच्या मानेचा रंग आला म्हणजे विझवावें, असें आहे. लेपाच्या गुणाविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. रंगाची खूण मात्र लोहाराच्या कामाची आहे : पोलादावर निळा रंग चढतो तो सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास. उष्णतामापक नसलेल्या भट्टींत शंभर फळें एका कसाचीं करावयाचीं, तर रंगासारखें दुसरें माप नाहीं.

ग्रंथांतील लक्षण व कोठारांतील बाण यांत अंतर किती पडे, हें पाहण्यास आपल्याकडे पुरेसे बाणच उरलेले नाहींत. म्हणून परदेशांतील एका उदाहरणाकडे पाहणें भाग आहे. इंग्लंडांत लंडनचे धनुष्य करणारे व बाण करणारे यांचे संघ १३७१ मध्यें विभक्त झाले, व एकानें दोन्ही धंदे करूं नयेत असें ठरलें. बाणाचीं फळें टोंकाशीं पोलादानें कठिण केलेलीं असावीं व प्रत्येकावर करणाराची खूण असावी, असा कायदा चौथ्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १४०६ च्या सुमारास झाला. वाईट फळें जप्त होत व करणारास शिक्षा होई. कारागिराची खूण मागण्यांत हेतु हा कीं, हजारों बाणांच्या राशींतून एक वाईट निघाला तर तो कोणाच्या घरचा हें कळावें. पुढें १५४५ सालीं रॉजर ॲस्कम यानें धनुर्विद्येवर ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत पुढें जाड व मध्यें जाड अशा काड्यांचे भेद करून कोणती काडी कशा धाटणीच्या धनुर्धरास मानवते हें सांगितलें आहे. शार्ङ्गधराशीं त्याचा संबंध असणें शक्य नाहीं. दोघांपुढें काडी तीच होती, इतकेंच. ॲस्कमनें युद्धाच्या बाणास ॲश वृक्षाचें लांकूड ॲस्पेनहून श्रेष्ठ ठरविलें आहे. त्याच वर्षीं, १९ जुलै १५४५ रोजीं, ‘मेरी रोझ’ हें राजाचें लढाऊ जहाज पोर्टस्मथनजीक बुडालें. १९८२ सालीं त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. त्या जहाजांतून १३७ अखंड धनुष्यें व साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले आहेत. पाहतां, बाणांपैकीं बहुतेकांचें लांकूड ॲश नव्हे, तर पॉप्लर वर्गांतलें, म्हणजे ॲस्पेनच्याच जातीचें! चोवीस भोंकांच्या चामड्याच्या चकत्यांत बाण अडकवून ठेवीत, जेणेंकरून पिसें चुरगळूं नयेत, हेंहि तेथेंच कळलें. ग्रंथावरून तें कळलें नसतें. बाण एकत्र व मोठ्या संख्येनें मिळाले, म्हणूनच हें सर्व साध्य झालें.

साठवणीचा विचार आपल्याकडे कौटिल्यानें केला आहे. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराध्यक्षाचें प्रकरण आहे. बाण वेळूचे, शराचे, लांकडाचे व लोखंडाचे. फळें लोखंडाचीं, हाडाचीं व लांकडाचीं. छेदन, भेदन व ताडन या तीन कामांचीं. अध्यक्षानें प्रत्येक वस्तु जाति, रूप, लक्षण, प्रमाण, कोठून आली, किंमत काय व कोठें ठेविली या सात गोष्टींनीं जाणावी. शिवाय त्यानें वस्तूंची जागा वारंवार बदलावी, त्यांस ऊन व वारा दाखवावा, आणि उष्णता, ओल व कीड यांपासून ज्यांस अपाय होईल त्या निराळ्या ठेवाव्या. आपल्या पोथ्यांची दप्तरें वर्षाकाठीं उन्हांत घालणाऱ्या वाचकांस ही आज्ञा ओळखीची वाटेल.

मराठी कागदपत्रांत या विषयाचा शोध घेऊं इच्छिणाऱ्यानें एक सावधगिरी राखावी. मोडी दप्तरांत कोठाराच्या यादींत किंवा लढाईच्या वर्णनांत ‘बाण’ आला म्हणजे तो बहुधा दारूचा बाण असतो, व बाणदार म्हणजे तो सोडणारा. धनुष्याचा बाण ‘तीर’ या शब्दाखालीं, आणि कमान, तरकस, भाता यांच्या सोबतीनें शोधावा.

ज्यांच्या संग्रहीं भरलेला भाता असेल त्यांनीं तो मोडूं नये, व त्यांतील चांगले दिसणारे दोनचार बाण निवडून बाकीचे टाकूं नयेत. प्रत्येक बाणाचें वजन, लांबी, आणि फळाजवळ, मध्यें व खांचेजवळ अशा तीन ठिकाणची जाडी लिहून ठेवावी. फळ काडीच्या कोणत्या टोंकास आहे हेंहि पाहावें. काडी खरवडलेली असली तरी तें कळूं शकतें; पेऱ्याशीं पानाचें वेष्टण निघाल्याची कडा असते, आणि डोळा असला तर तो त्या कडेच्या शेंड्याकडील अंगास असतो. तसेंच ज्यांच्याजवळ धनुर्वेदाची किंवा शार्ङ्गधरपद्धतीची हस्तलिखित पोथी असेल त्यांनीं तिच्यांतील तीन स्थळें उतरून कळवावीं : काडी ‘नापक्वं’ कीं ‘न पक्वं’, यंत्रांत ओढण्याचा पाठ जसाच्या तसा, आणि पिसांची संख्या. पोथीचा लेखनशक व लेखकाचें नांव असल्यास तेंहि सोबत द्यावें.